धूर जातो कोठे?

माझे बालपण रत्नागिरीकडील एका खेड्यात गेले. पहाटे जाग यावी, तो स्वयंपाकघरात चूल पेटलेली असे आणि कौलांच्या फटींतून निळसर धूर संथपणे बाहेर पडताना दिसे. “आई, हा धूर जातो कोठे?” असे मी एकदा विचारले. फुंकणी खाली ठेवून, पदराने डोळे पुशीत ती म्हणाली, “कोठे जाणार? आभाळात!” माझे पूर्ण समाधान झाले. पुढे मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो, निवृत्तही झालो. परंतु त्या उत्तराविषयी शंका घ्यावी असे मला कधी वाटले नाही. ती शंका येण्यासाठी मला सातासमुद्रापलीकडे जावे लागले.

काही वर्षांपूर्वी मी मुलीकडे फेअरबँक्सला गेलो. अमेरिकेतील अलास्का राज्यात, उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस, चेना नदीच्या काठी १९०१ साली हे गाव वसले. डिसेंबरात तेथील दिवस पावणेचार तासांहूनही लहान असतो, आणि थंडी अशी, की बाहेर पाऊल टाकताच पापण्यांवर बर्फ धरते. मुलीचे घर तेलाच्या भट्टीने उबदार राही. शिवाय बैठकीच्या खोलीत लाकडे जाळण्याची एक लोखंडी शेगडी होती. त्या शेगडीवर माझा भारी जीव जडला. तिच्यापुढे बसले, की आईच्या चुलीशी बसल्यासारखे वाटे.

एके दिवशी सकाळी जावई म्हणाले, “आज शेगडी पेटवायची नाही. हवा वाईट असल्याची सूचना आली आहे.” सारे घराबाहेर पडले. मी एकटा उरलो. ‘एवढ्याशा शेगडीने काय बिघडणार?’ असे म्हणून मी ती पेटविली. लाकडे ओलसर होती. ती धुमसू लागली. सहज खिडकीतून पाहतो, तो काय नवल! आमच्या धुरांड्यातील धूर सरळ वर चढला, थोड्या उंचीवर थबकला आणि अदृश्य छताला अडल्याप्रमाणे आडवा पसरला. मग तो शेजारच्या घराभोवती रेंगाळू लागला. त्या घरात दम्याचा विकार असलेल्या एक वृद्ध बाई राहत. मी आलो त्याच दिवशी त्यांनी मला स्वतः विणलेले हातमोजे आणून दिले होते.

दुपारी नातू शाळेतून आला आणि दारातच थांबला. “आजोबा, आज शेगडी पेटवायची नसते! शेजारच्या आजींना त्रास होतो.” आयुष्यभर मुलांना नियम सांगणारा मी, मान खाली घालून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी त्या आजी भेटल्या. त्या खोकत होत्या. तरी हसून त्यांनी माझी विचारपूस केली. तो खोकला माझ्याच धुराचा होता असे नव्हे; पण माझ्या धुराचा नव्हता, असेही मला म्हणता येईना.

रविवारी मुलगी मला मोटारीतून गावाबाहेरच्या टेकडीवर घेऊन गेली. घराशी तापमान उणे ३३ अंश होते. माथ्यावर ते उणे २० झाले! उंचावर थंडी वाढते, असेच मी समजत आलो होतो. मुलगी म्हणाली, “बाबा, येथे हिवाळ्यात उलटे घडते. सूर्य धड वर येत नाही. जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन खाली बसते आणि वरच्या उबदार हवेचे तिच्यावर झाकण पडते. तीन बाजूंना टेकड्या असल्यामुळे वाराही फिरकत नाही. मग गावाचा धूर गावातच राहतो.” खाली पाहिले, तो सारे गाव करडी गोधडी पांघरून पडलेले!

त्या धुरातील सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात व थेट फुप्फुसांत खोलवर शिरतात. एक घनमीटर हवेत दिवसाच्या सरासरीने ३५ मायक्रोग्रॅमहून अधिक कण असू नयेत, असा अमेरिकेचा नियम आहे. हिवाळ्यात ही मर्यादा ओलांडली जात असल्यामुळे २००९ साली सरकारने या भागाची नोंद दूषित हवेचा प्रदेश म्हणून केली. उन्हाळ्यातही कधी कधी धूर येतो. पण तो रानातील वणव्यांचा. २००४ साली अलास्कात ६५ लाख एकरांहून अधिक रान जळाले. विजेने पेटणारे रान कोण अडविणार? परंतु शेगडी तर आपल्याच हाती असते.

मे महिन्यात नातू आणि मी भूर्जाची लाकडे फोडून उन्हात रचू लागलो. सुके लाकूड उजळून जळते व धूर थोडा करते. आई आगोटीपूर्वी पडवीत सरपण रची, त्याची मला आठवण झाली. मी नातवाला त्या चुलीच्या गोष्टी सांगितल्या. त्याने विचारले, “आजोबा, त्या चुलीचा धूर कोठे जायचा?”

‘आभाळात’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण पदराने डोळे पुसणारी आई मला दिसली.

“बाळ,” मी म्हणालो, “तो आधी माझ्या आईच्या डोळ्यांत जायचा.”