डिझेलचा काटा खरे बोलतो का?

शेतीखात्याचा माणूस गावात गेला, की त्याला काय विचारतील याचा नेम नसतो. बियाणे, खत, फवारणी हे आमचे रोजचेच. पण अलीकडे तामलवाडी भागात गेलो, की एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे डिझेल. किती भरले, किती उरले आणि मधले कुठे गेले! द्राक्षबागेत छोटा ट्रॅक्टर, सोयाबीनच्या रानात मोठा ट्रॅक्टर, कुणाकडे पॉवर टिलर, कुणाकडे धुऱ्यावरचे गवत कापायचे यंत्र. बैलाच्या पोटाकडे पाहिले की तो जेवला की नाही हे कळायचे. या लोखंडी बैलांचे पोट बंद डब्यासारखे. आत काय आहे ते दाखवायला एक काटा असतो आणि त्या काट्यावर घराघरांत भांडणे होतात.

अशाच एका घरची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण घर भले आहे. घरधनी अकाली गेले. मागे वहिनी, दोन शिकणारी मुले, नऊ एकर रान आणि कर्जाचा ट्रॅक्टर. वहिनींनी ट्रॅक्टर विकला नाही. सालावर ड्रायव्हर ठेवला, भाड्याची कामे घेतली, वहीत रोजचा हिशेब स्वतः लिहू लागल्या. आणि त्या हिशेबातच खोट दिसू लागली. मला म्हणाल्या, "साहेब, काटा अर्ध्यावर असताना गडी रोटाव्हेटरला गेला. पन्नास लिटरची टाकी, म्हणजे पंचवीस लिटर धरा. साडेतीन तासांत टाकी कोरडी! तासाला पाच लिटर धरलं तरी सात लिटर कुठं गेलं? आज नाही, दर खेपेला असंच होतंय."

सात लिटर म्हणजे सहाशेच्या वर रुपये. ड्रायव्हर पोरगा बाजूला खाली मान घालून उभा. "अक्का, आई भवानीची शपथ, थेंब विकला नाही," एवढेच म्हणाला. पाडव्याला त्याचे साल संपणार होते. भावकीतल्यांचा सल्ला एकच होता, आत्ताच काढून टाका. ऐन हंगामात ड्रायव्हर काढला, तर दुसरा कुठून आणायचा हा वहिनींचा प्रश्न, आणि चोरीचा शिक्का घेऊन दुसऱ्या गावात काम कोण देणार हा त्या पोराचा.

मी म्हणालो, वहिनी, आधी काट्याची साक्ष तपासू. मग माणसाची.

ट्रॅक्टर खळ्याच्या सपाट जागेवर घेतला. टाकीच्या तळाचा बोल्ट सोडून उरलेले डिझेल स्वच्छ ड्रममध्ये काढले. मग पाच लिटरच्या मापाने टाकी भरायला सुरुवात केली. प्रत्येक मापानंतर दोन कामे करायची. एक, काटा कुठे आला ते मुलाने वहीत लिहायचे. दोन, टाकीत सरळ लाकडी पट्टी तळापर्यंत उभी सोडून ओल्या खुणेवर चाकूने खाच पाडायची. तोंडातली जाळी काढून ठेवली होती, नाहीतर पट्टी जाळीवरच टेकते आणि माप चुकते.

पहिल्या पाच लिटरला काटा हललाच नाही. पंधरा लिटरला तो अर्ध्याच्या किंचित खाली होता, वीसला किंचित वर. म्हणजे काट्याचा अर्धा साधारण अठरा लिटरचा! तिसाव्या लिटरला काट्याने 'भरली' दाखवले आणि पुढचे वीस लिटर ओतले तरी तो तिथेच. आता अठरा लिटर भागिले पाच करा. साडेतीन तास! पोराच्या हिशेबात थेंबाची चूक नव्हती. वहिनी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या.

आता हे असे का झाले, ते समजून घेऊ. ट्रॅक्टरची टाकी बोनेटखाली किंवा सीटखाली जागा मिळेल तशी बसवलेली असते. ती विटेसारखी चौकोनी नसते. तळाला निमुळती आणि वर रुंद अशी टाकी पुष्कळ ठिकाणी दिसते. काटा मोजतो ती डिझेलची उंची, लिटर नव्हे. हंड्यात एक वीत पाणी आणि घागरीत एक वीत पाणी सारखे असते का? तसेच हे. वरचा रुंद भाग सावकाश उतरतो, खालचा निमुळता भाग भराभर. शिवाय या ट्रॅक्टरचे टाकीतले युनिट पूर्वी कधीतरी बदललेले होते. त्याचा दांडा आखूड, त्यामुळे फ्लोट वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना पोहोचतच नव्हता.

काटा घेताना पाहायच्या गोष्टी इथूनच निघतात. युनिट नवे घ्यायला सोलापूरला जाल, तेव्हा जुने काढून हातात घेऊन जा. टाकीची खोली, दांड्याची लांबी आणि वरच्या पत्र्याची भोके जुळली पाहिजेत. फ्लोट पोकळ पितळेचा असेल तर कानाशी धरून हलवा. आत खळखळले तर त्याला बारीक छिद्र पडले आहे, तो बुडणार आणि काटा कायम रिकामी टाकी दाखवणार. बंद फेसासारख्या रबराच्या फ्लोटला ही खोड नसते.

दुसरी बाब विजेच्या काट्याची. टाकीतले युनिट आणि समोरचे मीटर ही बैलजोडी आहे, जोडीनेच चालते. फ्लोट वर-खाली झाला की युनिटमधला विजेचा अडथळा बदलतो. हा अडथळा ओहममध्ये मोजतात आणि मीटर त्यावरून काटा फिरवते. जगात याच्या निरनिराळ्या रीती आहेत. अमेरिकन रीतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेलीला ३३. युरोपातल्या एका प्रचलित रीतीत रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. एकीचे युनिट आणि दुसरीचे मीटर जोडले, तर भरली टाकी रिकामी दिसते आणि रिकामी भरलेली! दुकानदाराने "बसतंय, घेऊन जावा" म्हटले म्हणून घेऊ नये. नुसते बोल्ट बसून भागत नाही.

याच रीतींमुळे आणखी एक गंमत होते. पहिल्या रीतीत वायर तुटली तर काटा रिकामीकडे पडतो. आपण घाबरून टाकी उघडून पाहतो, नुकसान काही नाही. दुसऱ्या रीतीत वायर तुटली तर काटा 'भरली' दाखवत बसतो आणि आपण निर्धास्त रानात जातो. म्हणून बसवल्याबरोबर टाकीवरची वायर एकदा काढून काटा कुठे जातो ते पाहून ठेवा. उंदराने वायर कुरतडली की तोच इशारा मिळणार आहे. माझी निवड विचाराल तर तुटल्यावर रिकामीकडे पडणारी जोडी चांगली. खोटी भीती परवडते, खोटा भरवसा परवडत नाही.

लहानपणी आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन होते. वडील टाकीत कडब्याचे ताट बुडवून किती बोटे ओले झाले ते पाहायचे. सुटलेले कूस आत पडून फिल्टर तुंबायचा ही गोष्ट वेगळी! पण मोजायची रीत काही गावंढळ नव्हती. अमेरिकेत फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' मोटार १९०८ ते १९२७ पर्यंत लाखांनी खपली. तिची टाकी पुढच्या सीटखाली असायची आणि पेट्रोल पाहायला सीट उचलून काठीच घालावी लागे. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरलाही काटा कुठे होता? गाडी आचके देऊ लागली की पायाजवळची चावी 'रिझर्व्ह'वर फिरवायची. पेट्रोल खेचणाऱ्या नळीला दोन तोंडे, एक उंच आणि एक तळाशी, एवढीच त्यातली युक्ती. मला ती फार आवडे, कारण तीत खोटे बोलायला जागाच नव्हती.

घरच्या घरी टाकी बनवून घेतली असेल, पंपाच्या इंजिनाची म्हणा किंवा जनरेटरची, तर बाहेरून पारदर्शक नळी लावणे सर्वांत स्वस्त. पाणी आपली पातळी धरते तसे डिझेलही धरते. मात्र गवंड्याची लेव्हलची नळी लावू नका. डिझेलने ती महिन्या-दोन महिन्यांत कडक आणि पिवळी पडते, मग तडकते. इंधनासाठीचीच नळी मागा. खालच्या जोडाला बंद करायची तोटी हवी, नाहीतर नळी फुटली की सगळी टाकी जमिनीवर. वरचे टोक टाकीच्या माथ्याला जोडलेले हवे, ते बोळा घालून बंद केले तर नळी चुकीचे दाखवते. सायलेन्सरपासून तर ती दूरच ठेवा.

गेल्या दिवाळीत शेजारच्या गावचा एक मुलगा भेटला. पुण्याकडे कारखान्यांच्या आवारातले आणि मैदानांचे गवत कापायची कामे घेतो. बसून चालवायचे जुने यंत्र त्याने विकत घेतले आहे. गवत कापायचे यंत्र मूळचे इंग्लंडातले, एडविन बडिंग नावाच्या माणसाने १८३० मध्ये काढलेले. पण तेव्हा ते ढकलावे लागे. याच्या यंत्राला दोन बाजूंना दोन पेट्रोलच्या टाक्या आणि टाकीच्या झाकणातच बसवलेला छोटा काटा. "काका, उतारावर काटा वेगळंच सांगतो, काय करू?" असे त्याने विचारले. उतारावर पेट्रोल एका अंगाला जाते, त्याला काटा काय करणार? सपाटीवर उभे राहून वाचायचे, आणि नवे युनिट घ्यायचे तर टाकीच्या मध्यभागी बसणारे. झाकणातला काटा स्वस्त आहे, वायर नाही, पण तो वाचायला कामावरून उतरावे लागते. दिवसभर भाड्याने चालणाऱ्या यंत्राला समोर दिसणारा काटा आणि शेवटच्या दोन-तीन लिटरला लागणारा लाल दिवा हवा. त्याच्या टाक्या धूसर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या होत्या, उन्हाकडे धरल्या की आतली पातळी दिसणाऱ्या. मी म्हणालो, बाबा, याहून चांगला काटा कोणी बनवलेला नाही, बाहेरून रंगाने खुणा कर आणि मोकळा हो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेव्हा फ्लोट, वायसर आणि नळी त्याला टिकणाऱ्या आहेत का, एवढे मात्र विचारून घ्यायला सांगितले.

वहिनींच्या घरी नवे युनिट बसले, तरी ती खाचांची पट्टी त्यांनी टाकली नाही. आठवड्यातून एकदा सकाळी, इंजिन गार असताना, मुलगा पट्टीने माप घेतो. पट्टी पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची, बांधावर टाकायची नाही. झाकण वारंवार उघडणे वाईट, रानात तर फारच. धूळ आत गेली की फिल्टर आणि पंप दोघांचेही आयुष्य घटते. माप घेताना जवळ बिडी-काडी नको, आणि अंधारात आत पाहायला काडी ओढणारेही मी पाहिलेत, म्हणून सांगतो. पेट्रोलच्या टाकीशी तर हा खेळ मुळीच नको.

काही जण म्हणतील, संपले तर संपले, भरू की पुन्हा. डिझेल इंजिनात तसे चालत नाही. टाकी कोरडी पडली की तळाचा गाळ आणि पाणी फिल्टरकडे खेचले जाते आणि नळ्यांत हवा शिरते. छाटणीनंतर पावसाळी हवेत द्राक्षावर डावणीची फवारणी एक सकाळ चुकली तर काय होते, ते बागायतदारांना सांगायला नको. निम्मी बाग फवारून ट्रॅक्टर ओळीत उभा राहिला, तर मेकॅनिक येईपर्यंत ती सकाळ गेली. म्हणून पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, आणि शक्यतो संध्याकाळी टाकी भरून ठेवा. रात्री रिकाम्या जागेतल्या हवेचे दव धरून पाणी होते आणि तळाला साचते.

तरीही हवा धरलीच, तर ती काढायची रीत घरातल्या दोघांना तरी यावी. टाकी भरा, चावी उघडा. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. धार आली की पंप मारतामारताच स्क्रू आवळा. पुढे पंपावर तसाच स्क्रू असेल तर तिथेही हेच. मग स्टार्टर मारा, दहा सेकंदांहून जास्त नाही. मध्ये थोडे थांबून पुन्हा, नाहीतर बॅटरी उतरेल आणि ढकलायला सगळी गल्ली बोलवावी लागेल.