सावलींतला हंसराज

कोंकणांत उतरणारा प्रवासी बहुधा वर पाहतो. माड, पोफळी, फणस यांच्या उंचीनें त्याची दृष्टि खिळते, आणि पायाखालीं काय आहे हें पाहावयाचें राहूनच जातें. आम्हांस मात्र तेथील भूमीच अधिक मोह घालते. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत राजापूरजवळील श्रीधूतपापेश्वराच्या दर्शनास आम्ही सहकुटुंब गेलों होतों. जांभ्याच्या दरडी, पायऱ्यांचे सांधे, वृक्षांच्या मुळांमधील खांचा, जिकडे ओलावा आणि सावली तिकडे एकच पोपटी नक्षी पसरली होती. काळाभोर, लकाकणारा, तारेसारखा बारीक देंठ, आणि त्याच्या दोहों बाजूंस अर्धचंद्राकृति पानें. हाच हंसराज; वैद्यमंडळींची हंसपदी ती हीच. लिनियसनें १७५३ सालीं यास ‘एडिअँटम फिलिपेन्स’ असें नांव दिलें. एडिअँटम म्हणजे ग्रीक भाषेंत ‘न भिजणारें’. ओंजळभर पाणी त्यावर टाकून पाहावें. अळवाच्या पानावरून ओघळावें तसें तें ओघळून जातें.

हें सारें पाहत असतां आमच्या मनांत पुण्याच्या घरचें परसूं घोळत होतें. तेथें जुन्या फणसाखालीं दहा-बारा हात जागा वर्षानुवर्षें ओसाड पडली आहे. ऊन म्हणून तेथें येत नाहीं. तुळस खुरटते, मोगरा कळी धरीत नाहीं, शेवंती तर महिन्याभरांत नाहींशी होते. पावसाळ्यांत उघडी माती वाहून मोरीच्या तोंडाशीं जमते. आमच्या थोरल्या बंधूंनीं यावर उपाय योजला होता, तो शहाबादी फरशीचा. फरश्या येऊन भिंतीस टेकूनही ठेविल्या होत्या. वहिनींचा मात्र विरोध होता. “मुळांवर दगड बसविलेत तर फणस घुसमटेल, मग आठळ्या काय बाजारांतून आणायच्या?” असें त्या म्हणत. अखेर दोन पावसाळ्यांची मुदत आम्हीं मागून घेतली.

रोपें आणावयाचीं कोठून? कोंकणांतल्या देवराईंत हंसराज विपुल. परंतु तेथील वाळकी काटकी देखील उचलूं नये, असा गांवोगांवचा दंडक आहे. हा दंडक भाबडा खास नव्हे. डॉ. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या देवरायांचा अभ्यास करून तेथें केवढें वनस्पतिधन टिकून राहिलें आहे, हें दाखवून दिलें. देवाचें तें देवापाशीं ठेवून आम्ही आजोळच्या विहिरीकडे वळलों.

तेथें या वनस्पतीची खरी गंमत कळली. हंसराजास फूल नाहीं, बीं नाहीं. पण त्यास चालतां येतें! पानाचा देंठ शेवटच्या दलापुढें दोऱ्यासारखा लांबतो, वांकून मातीस टेंकतो, आणि त्या टोंकास मुळें फुटून नवें रोप उभें राहतें. अशीं रुजलेलीं टोंकेंच तेवढीं कापून घेतलीं म्हणजे मूळ झाडास धक्का लागत नाहीं. ओल्या शेवाळांत व केळीच्या सोपटांत गुंडाळून तीं आम्हीं पुण्यास आणिलीं. (पानाच्या दुमडलेल्या कडेखालीं तपकिरी बीजुकें असतात, त्यांपासूनही रोपें होतात, पण त्यांतून प्रथम नखाहून लहान अशी हृदयाकार हिरवी चकती निघते, आणि पुढील फलन पाण्याच्या पातळ थराशिवाय होत नाहीं. एवढा धीर आमच्या घरांत कोणास नव्हता.)

मातींत कुजलेला पालापाचोळा व विटांचे बारीक तुकडे मिसळून वीत-वीत अंतरावर रोपें लाविलीं. फणसाचीं पानें जाड. तीं अख्खीं पडून राहिल्यास खालचें रोप गुदमरतें, म्हणून तीं चुरून पसरावीं. तेथें केरसुणी मात्र फिरवूं नये. हा नियम घरांतील सर्वांस पटवितां पटवितां आमच्या नाकीं नऊ आले! कोंकणांत वर्षास ३००० मिलीमीटरांहून अधिक पाऊस, तर पुण्यास अवघा ७०० च्या आसपास; यास्तव पावसानें उघडीप दिली कीं झारीनें पाणी शिंपडावें लागतें, पण साचूं देऊन चालत नाहीं.

पौषांत सर्व पानें करपून गेलीं. बंधूंनीं फरशांकडे सूचक दृष्टीनें पाहिलें. वस्तुतः हा त्याचा विश्रामकाल होय. खालचा कंद जिवंत असतो, तो उकरून पाहूं नये, थोडी ओल तेवढी राखावी. या रिकाम्या दिवसांसाठीं वहिनींनीं मधून मधून भुईचाफ्याचे कंद पुरले होते. चैत्र-वैशाखांत एकही पान नसतां त्याचीं पांढरीं-जांभळीं सुगंधी फुलें थेट मातींतून वर आलीं, आणि लहान मुलें तीं मोजावयास रोज सकाळीं परसांत जाऊं लागलीं.

ज्येष्ठाच्या अखेरीस हंसराज पुन्हां फुटला. यंदाच्या दुसऱ्या पावसाळ्यांत निम्मी जागा त्यानें झांकली आहे. मोरीपाशीं माती साचणें पुष्कळच कमी झालें. भिंतीकडील पट्टा अद्याप उघडाच आहे, तेथें टोंकें टेंकलीं आहेत, रुजावयाचीं आहेत. फरश्या होत्या तेथेंच उभ्या आहेत. त्यांतील चार विहिरीच्या वाटेवर बसवाव्या, असें परवां बंधूच म्हणाले. उरलेल्यांचें दिवाळीनंतर पाहूं.