लोहगावच्या बाजूची गच्ची

लढाऊ विमानं बघायला सगळ्यात चांगली जागा कोणती, या प्रश्नाला बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं : वेल्समधली माक लूप. कादेर इद्रिस पर्वताजवळच्या या दऱ्यांमधून ब्रिटिश आणि अमेरिकी वैमानिक खालून उडण्याचा सराव करतात. विमानं जमिनीपासून 250 फुटांपर्यंत खाली येतात, आणि आपण डोंगरउतारावर त्याहून उंच उभे असतो. त्यामुळे विमानाच्या पाठीचा फोटो मिळतो. कॉकपिटची काच मिळते, नशीब असेल तर मान वळवून आपल्याकडे बघणारा वैमानिकही मिळतो. खाली हिरवं गवत आणि मेंढ्या.

तिथे जाणाऱ्यांना कॅड ईस्ट, कॅड वेस्ट ही नावं पाठ असतात. रस्त्याकडेला गाडी लावायची, निसरड्या चढावर दम काढत वर जायचं आणि थांबायचं. ब्रिटिश हवाई दल खालच्या उड्डाणांचं वेळापत्रक आधी जाहीर करतं, पण वेल्सच्या ढगांना ते कोण सांगणार? शनिवार-रविवारी बहुतेक शुकशुकाट. वर ना टपरी ना शौचालय. तरीही नोकरीतल्या रजा मी तिथे घालवल्या, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

माझी फूटपट्टी मात्र एकच होती : फोटो. इंग्लंडमधल्या लेकनहीथच्या हवाई तळाच्या कुंपणापाशी अमेरिकी एफ-15 कानठळ्या बसवत उतरतात, पण उन्हाळ्यात दुपारी धावपट्टीवरची हवा थरथरते आणि फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. म्हणून ती जागा दुसऱ्या नंबरची. फेअरफर्डच्या जुलैतल्या एअर शोमध्ये विमानं भरपूर, पण सगळ्यांचे फोटो सारखेच. म्हणून ती तिसरी. आणि पुणं? पुणं यादीतच नव्हतं.

खरं तर मी वाढलो पुण्यातल्या लोहगावच्या हवाई दल तळाजवळ, विश्रांतवाडीत. 1997 साली देशातली पहिली सुखोई लढाऊ विमानं लोहगावला आली तेव्हा मी शाळेत होतो. पण लोहगावला कॅमेरा वर करता येत नाही. भिंतीवर ठिकठिकाणी मनाईचे फलक आहेत आणि त्यामागे 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा उभा आहे. इंग्रजांनी केलेला कायदा आपण जपून ठेवला आणि ते स्वतः डोंगरावर डबे घेऊन विमानं बघतात, हे मी मित्रांना मोठ्या चवीने ऐकवायचो. जिथे फोटो काढता येत नाही ती जागा कसली, असं माझं मत होतं.

मत बदललं ते वडिलांच्या ऑपरेशनमुळे पुण्यातला मुक्काम लांबला तेव्हा. पावसाळा संपत आला होता. हॉस्पिटलमधून परतल्यावर मी गच्चीवर जाऊन बसायचो. कॅमेरा खाली कपाटात होता.

सुखोई परतताना बहुधा सरळ उतरत नाहीत. दोन किंवा चार विमानं जवळजवळ येऊन धावपट्टीवरून पुढे जातात, मग एकेक जण काही सेकंदांच्या अंतराने कड घेऊन वळतो आणि मोठा वळसा घालून उतरायला येतो. पहिल्याच्या पाठीवरचा एअरब्रेक फडताळाच्या दारासारखा उघडतो. दमट हवेत वळताना पंखांवर पांढरी वाफ धरते आणि सरळ होताच पुसली जाते. वळशाच्या लांब बाजूला चाकं खाली येतात. तोवर शेवटचा अजून वळायचाच असतो. आवाज विमानाच्या मागे राहतो, म्हणून कानाने शोधलं तर आकाश रिकामं. नजर पुढे टाकावी लागते. त्यातच घारी घिरट्या घालत असतात, आणि त्यांच्याकडे बघताना वैमानिकाला काय वाटत असेल याची धास्ती आपल्यालाच वाटते.

हे सगळं मी आधी कधी पाहिलंच नव्हतं असं नाही. पण सलग पाहिलं नव्हतं. माक लूपमध्ये विमान 450 नॉट्सने जात असेल, तर सेकंदाला सव्वादोनशे मीटरहून जास्त अंतर कापतं. समोर असतं ते तीन-चार सेकंद, आणि ते मी व्ह्यूफाइंडरच्या चौकटीत विमानाचं नाक धरून ठेवण्यात घालवायचो. विमान कसं गेलं ते नंतर स्क्रीनवर कळायचं. तिथले माझे फोटो उत्तम आहेत, हे मी निर्लज्जपणे सांगतो. पण ती विमानं वळताना मला दिसलेली नाहीत.

म्हणून आता मी दोन याद्या करतो, बघण्याच्या जागांची वेगळी आणि फोटोच्या जागांची वेगळी. पहिल्या यादीत विश्रांतवाडीची गच्ची माक लूपच्या वर आहे. वेल्समधले माझे सोबती यावर हसतात. त्यांच्या मते ज्याचा फोटो नाही ते विमान हिशेबात धरायचं नाही.

यावरून मनाईच योग्य, असं मात्र मला म्हणायचं नाही. उपग्रहाच्या चित्रांत प्रत्येक धावपट्टी दिसते, मग गच्चीवरच्या माणसाच्या लेन्सचा धाक कशाला? 2001 साली ग्रीसमध्ये बारा ब्रिटिश आणि दोन डच विमानवेड्यांना हेर समजून पकडलं, शिक्षाही झाली, आणि पुढच्या वर्षाअखेर अपिलात ते सगळे सुटले. भीतीपोटी केलेले नियम कुठवर जातात ते तिथे दिसलं. लोहगावच्या फलकांमुळे माझा फायदा झाला हे खरं, पण तो फलक लावणाऱ्यांचा हेतू नव्हता. कायद्यावरचं माझं मत जुनंच आहे, आणि कायदा आहे तोवर मी कॅमेरा कपाटातच ठेवणार आहे.

फोटोच हवे असतील त्यांनी बंगळुरूजवळच्या येलहंकाला जावं. दर विषम वर्षी फेब्रुवारीत एअरो इंडिया भरतं आणि तिथे लेन्स खुशाल काढता येते. 2025 मध्ये रशियाचं सुखोई-57 आणि अमेरिकेचं एफ-35 एकाच प्रदर्शनात होते. गोव्यात बोगमाळ्याच्या नौदल संग्रहालयात निवृत्त सी हॅरियरला हाताच्या अंतरावरून न्याहाळता येतं. जवळच्याच दाबोळीला मिग-29के उडताना दिसली, तर मात्र लेन्सवर झाकण ठेवा. विमान धावपट्टीच्या टोकाशी पोचेपर्यंत तुम्हाला दुसरं काही कामही नसेल.