परसातील पेरू

परसातील फळझाडांमध्ये पेरूइतके सोशिक झाड विरळाच. पोर्तुगिजांबरोबर दूरच्या अमेरिका खंडातून आलेला हा पाहुणा आपल्याकडे असा रुळला, की त्याचे परकेपण कुणाच्या ध्यानीही येत नाही. हलकी-भारी जमीन, उन्हाळ्यातील पाण्याची ओढ, सारे तो सोसतो. तरीही फळांनी लगडलेल्या पेरूवर अनेकदा कुऱ्हाड पडते. कारण एकच : पावसाळी फळांतील अळ्या.

सांगलीकडील एका घरी असाच प्रसंग आला. कलम उत्तम होते. पुण्याच्या गणेशखिंड येथे निवड झालेल्या ‘सरदार’, म्हणजेच लखनौ-४९ या जातीचे. झाड लवकरच बहरले; पण श्रावणात चिरलेल्या फळाफळांत अळ्या वळवळू लागल्या. घरातील वृद्ध मातोश्रींनी पेरू वर्ज्य केला. मुलाने औषध फवारण्याचे ठरविले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, जीव मारून राखलेले फळ मी कशी खाऊ? आणि ते विष नातवंडांच्या हाती तरी कशी देऊ?” फवारणी राहिली आणि झाड तोडण्याचे ठरले.

ते वाचले एका अनुभवी माळ्यामुळे. फळमाशी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते आणि पावसाळ्याची उबदार ओल तिला मानवते, हे त्याने समजावले. आंबे बहाराची फुले माघ-फाल्गुनात येतात व फळे नेमकी पावसाळ्यात पिकतात. मृग बहाराची फळे थंडीत तयार होतात. तेव्हा माशी कमी आणि गोडी अधिक. म्हणून आंबे बहाराची फुले खुडावीत, चैत्र-वैशाखात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, पावसाळ्याच्या तोंडावर हलकी छाटणी करून शेणखत व पाणी द्यावे. पेरूला फूल येते ते नव्या फुटीवर. त्यामुळे छाटणीने झाड हाताच्या उंचीवर राहते आणि फळही धरते.

फुले खुडताना मातोश्रींना हळहळ वाटली. त्या पावसाळ्यात झाड रिकामेच होते आणि शेजारी विचारीत, “यंदा पेरू नाहीत का?” त्या मात्र जुन्या मऊ लुगड्याच्या लहान पिशव्या शिवीत बसल्या. भाद्रपदात लिंबाएवढ्या झालेल्या प्रत्येक फळावर त्यांनी नातवंडांकरवी एकेक पिशवी बांधून घेतली. माशीला फळापर्यंत वाटच उरली नाही, म्हणून तिला मारण्याचीही वेळ आली नाही.

मार्गशीर्षात पहिले फळ उतरविले. मातोश्रींनी ते दिवसाउजेडी स्वतः चिरले आणि फोडी निरखून पाहिल्या. फळ स्वच्छ होते. एक फोड त्यांनी तोंडात टाकली आणि उरलेल्या मुलांना दिल्या. त्या हंगामात शेजारच्या घरीही परडीभर पेरू गेले. पिशव्या धुऊन, घड्या घालून पुढील भाद्रपदासाठी कपाटात ठेवल्या गेल्या.