गुहागरसमोरचा मध्यबिंदू

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणायची मला जुनी खोड आहे. भिंतीवरचा सपाट नकाशा लांबच्या वाटेबद्दल फसवतो. गोलाला घट्ट चिकटवलेला दोरा फसवत नाही. त्याचं एक टोक ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्थच्या विमानतळावर धरावं आणि दुसरं लंडनच्या हीथ्रोवर. अंतर भरतं सुमारे १४,५०० किलोमीटर. आणि या दोऱ्याचा मध्य कुठे यावा? आपल्या गुहागरसमोर, किनाऱ्यापासून दीडशेएक किलोमीटर आत, अरबी समुद्रात! या दोन शहरांच्या येण्याजाण्याशी कोकणाचं देणंघेणं काही नाही. तरी भूमितीने गुहागरला दोघांच्या मधोमध नेऊन बसवलं आहे.

अंतर असं ठाम असतं. वेळेचं तसं नाही. पर्थहून लंडनला थेट जायला साधारण साडेसतरा तास लागतात, परतताना त्याहून कमी. वाट तीच, विमान तेच. फरक करतो तो वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहत असतात. लंडनकडे निघालेलं विमान घाट चढणाऱ्या एसटीसारखं त्यांना रेटत जातं. परतताना तेच झोत पाठीशी असतात.

वाऱ्याइतकीच वेळ माणसांच्या भांडणांच्या हाती. १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या ताब्यात गेलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई वाट तुटली. मग १९४३ पासून क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीची कॅटलिना जातीची, पाण्यावर उतरणारी विमानं पर्थच्या स्वान नदीवरून उडून थेट सिलोनमधल्या कोग्गल सरोवरावर उतरू लागली. इंधनाच्या ओझ्यापुढे प्रवासी घेता यायचे जेमतेम तीन. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून रेडिओ मुका ठेवायचा आणि ताऱ्यांवरून दिशा धरायची. सत्तावीस तासांहून जास्त, कधी बत्तीस तासही लागत. एकाच उड्डाणात दोन सूर्योदय दिसायचे, म्हणून प्रवाशांना त्याचं प्रमाणपत्र मिळे. आणि एवढं करून लंडन अजून लांबच!

युद्ध संपलं. १९४७ मध्ये सिडनी-लंडन नियमित सेवा सुरू झाली तेव्हा विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली अशी मजल दरमजल करत चार दिवसांनी पोचे. मार्च २०१८ मध्ये पर्थ-लंडन विनाथांबा उड्डाण सुरू झालं आणि मधले सगळे मुक्काम पुसले गेले. आता अंतर जिंकलं, असंच वाटावं.

पण गुहागरसमोरून पुढे गेलेला दोरा इराणवरून जातो. एप्रिल २०२४ मध्ये पश्चिम आशियात तणाव वाढला, इराणचं आकाश टाळणं भाग पडलं आणि वळसा पडला. समोरचा वारा कापत एवढं लांब जायला टाकीतलं इंधन पुरेना, म्हणून लंडनला निघालेलं विमान इंधनासाठी सिंगापूरला उतरू लागलं. लंडनहून येणारं मात्र पाठीवरच्या वाऱ्याच्या जोरावर पूर्वीसारखंच थेट पर्थला पोचत राहिलं.

म्हणून दोन विमानतळांमधलं अंतर कुणी विचारलं, तर ते गोलावर मोजून खुशाल सांगावं. किती तास लागतील असं विचारलं, तर आधी वाटेतल्या देशांची खुशाली विचारावी.