जाळी खिडकीची, मच्छरदाणी अंथरुणाची

भाड्याच्या घराच्या करारनाम्याला शेवटी एक यादी जोडलेली असते. पंखे ३, ट्यूबलाइट ४, गीझर १, किल्ल्यांचे जोड २ वगैरे. एजंट ती घाईघाईने भरून घेतो. या यादीत 'खिडकीच्या जाळ्या' असे शब्द मी आजवर पाहिलेले नाहीत. घर बघायला आलेला माणूसही पाणी किती वाजता येतं, पार्किंग आहे का, हे सगळं विचारतो, पण जाळीची आठवण त्याला होते ती राहायला आल्यावर, पहिल्या संध्याकाळी! आणि मग वाद सुरू होतो, की ती बसवायची कोणी? मालकाने, की राहणाऱ्याने?

सिंहगड रस्त्याला आमचा एक छोटा वन बीएचके आहे. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला. २०२४ च्या जूनमध्ये तिथे एक नवं जोडपं राहायला आलं. मुलगी चार महिन्यांची गरोदर. नेमका त्याच महिन्यात पुण्यात, एरंडवण्यात, झिकाचा रुग्ण सापडला आणि पुढे काही गरोदर स्त्रियांनाही लागण झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर या रोगाचा परिणाम होऊ शकतो, हे तोवर घरोघरी वाचून झालं होतं. मुलीचा फोन आला, "काकू, खिडक्यांना जाळ्या बसवून द्याल का? नाहीतर आम्ही बसवतो, पण भाड्यातून वळते करून घ्याल का?"

आमच्या ह्यांचं मत अगदी ठाम. "अगं, आपण सदाशिव पेठेत वाड्यात तेवीस वर्षं भाड्याने काढली. मालकांकडे कधी जाळी मागितली होती का?" नव्हती मागितली, हे खरंच आहे. तेव्हा वाड्यात कोणाच्याच खिडकीला जाळी नव्हती. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी आणि रात्री मच्छरदाणी, एवढाच बंदोबस्त. ती मच्छरदाणी आम्ही लक्ष्मी रस्त्यावरून स्वतःच्या पैशांनी आणली होती. तिच्यासाठी भिंतीला चार खिळे ठोकायचे, तर मालकीणबाईंना विचारावं लागलं होतं. त्यांनी तीनच ठोकू दिले, चौथा कोपरा कायम कपाटाच्या कडीला!

पण मला वाटतं, उत्तर त्या मच्छरदाणीतच आहे. वाडा सोडताना आम्ही ती घडी घालून बरोबर नेली आणि नव्या घरात त्याच रात्री लावली. ती अंथरुणाची वस्तू, घराची नव्हे. खिडकीच्या जाळीचं तसं नाही. ती त्याच खिडकीच्या मापाने कापलेली असते आणि दुसऱ्या घरात नेली तर केराच्या टोपलीत जाते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने ती लावायची आणि पुढची तीन-चार वर्षं ती मालकाच्या कामाला यायची, हा हिशेब मला पटत नाही.

दुसरं म्हणजे डासही बदलले. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत ज्याच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले तो ॲनॉफिलीस, रात्रीचा पाहुणा. त्याला मच्छरदाणी पुरायची. डेंगी आणि झिका पसरवणारा एडिस दिवसाढवळ्या चावतो. गरोदर बाईने दिवसभर मच्छरदाणीत बसून राहायचं का?

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. (शिक्षकी सवय, पुस्तक उघडल्याशिवाय चैन पडत नाही.) महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्यात घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी सांगितली आहे, पण जी जाळी कधी नव्हतीच तिची दुरुस्ती कशी होणार? शिवाय लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरूसुद्धा नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांना दिला. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, पण त्याच्या परिशिष्टातली कामांची वाटणी वाचण्यासारखी आहे. भिंतींचा रंग, पाइप, वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, कड्या-कुलपं, फुटलेल्या काचा आणि जाळ्या बदलणं हे राहणाऱ्याकडे. म्हणजे जाळीचा उल्लेख आहे बरं का! पण 'बदलणं'. पहिली जाळी कोणी लावायची, याबद्दल तिथेही काही नाही.

माझा भाचा फ्लोरिडात भाड्याने राहतो. त्याने कळवलं की तिथल्या कायद्यात हे स्पष्ट आहे. घर देताना जाळ्या ठीकठाक आहेत ना हे मालकाने पाहायचं आणि पुढे गरज पडली तर वर्षातून एकदा दुरुस्त करून द्यायच्या. स्वतंत्र घर असेल तर लेखी करारात वेगळं ठरवता येतं. मला हे आपल्या मसुद्यापेक्षा रास्त वाटतं, कारण जाळी मांजराने ओरबाडली तर राहणाऱ्याने भरावी, पण पश्चिमेच्या उन्हाने कुजून फाटली तर त्यात राहणाऱ्याचा काय दोष?

शेवटी आम्ही जाळ्या बसवल्या. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना दोनच ट्रॅक, जाळीसाठी तिसरा हवा तर अख्खी चौकट बदलावी लागते. त्याचा खर्च ऐकून हे नुसते हसले. मग वेल्क्रोने चिकटणाऱ्या जाळ्या घेतल्या, चार खिडक्यांना मिळून ₹३,८००. महिन्याच्या भाड्यापुढे ही रक्कम काहीच नाही. पण त्या मुलीला मी तिचं कामही सांगून आले. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, न वापरलेली बादली, हे सगळं आठवड्यातून एकदा कोरडं करायचं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि डास घरातच जन्मला तर जाळी त्याला बाहेर जाऊ देत नाही!

डिसेंबरात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. हे सगळं जाळीमुळे असं मी म्हणणार नाही, झिका काही प्रत्येक घरात शिरला नव्हता. पण त्या पावसाळ्यात ती खिडक्या उघड्या ठेवून झोपू शकली, असं तिच्या आईने मला सांगितलं.

मे २०२५ मध्ये करार पुन्हा केला, तेव्हा यादीत मी स्वतः एक ओळ घातली: 'खिडक्यांच्या जाळ्या ४, फाटल्यास दुरुस्ती राहणाऱ्याकडे, जुन्या झाल्यास मालकाकडे.' एजंट म्हणाला, "आजी, असं कोणी लिहीत नाही." म्हटलं, तू लिही. ह्यांनी सही केली, पण "जुनी झाली हे ठरवणार कोण?" हा प्रश्न विचारूनच. प्रश्न बरोबर आहे. चार वर्षांनी भांडू.

आता राहिली जिन्यातली खिडकी. तिला जाळी नाही, डास तिथूनच आत येतात. ती ना मालकाची, ना राहणाऱ्याची, ती सोसायटीची. सेक्रेटरी म्हणतात, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ. तुमच्या सोसायट्यांमध्ये जिन्याला जाळी कोणी बसवली असेल, तर खर्च कसा वाटून घेतलात ते जरूर कळवा.