जबाबदारी कोणी घ्यावी?

“त्यांना आता कोणी अडविले आहे? कष्ट करावेत, मुले शिकवावीत, वर यावे!” हे उद्गार आम्ही आजवर इतक्या मुखांतून ऐकले आहेत की, ते कोणाविषयी आहेत हे पुढचे वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. कळंबच्या एस. टी. स्थानकावर ते महार-मांगांना उद्देशून असतात. न्यू जर्सीहून सुटीवर आलेल्या एका मराठी गृहस्थांच्या तोंडी तेच उद्गार तेथील काळ्या लोकांविषयी होते. गृहस्थ सुस्वभावी आणि दानशूर. आमच्या वसतिगृहाला त्यांनी पाण्याची टाकी दिली. परंतु ज्या देशात आपण स्वतः सावळे म्हणून ओळखले जातो, तेथे आपल्याहून सावळ्याला नावे ठेवण्याची ही घाई त्यांनी तिकडे मिळविलेली नव्हती. ती त्यांनी येथूनच बरोबर नेली होती.

अमेरिकेचा आणि आपला हा संबंध आजचा नाही. तेथील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली आणि आठच वर्षांनी जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९४६ साली त्यांनी काळ्या समाजाचे थोर विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य बोलून दाखविले. १९७२ साली मुंबईच्या दलित तरुणांनी संघटना उभारली, तिला ‘पँथर’ हे नावही तिकडूनच आले. आणि २०२३ साली सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला बंदी घातली, तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या! जात समुद्र ओलांडून गेली, तेव्हा तिचे औषधही मागोमाग न्यावे लागले.

आमच्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. स्वतः बाबासाहेब तिला आले होते. ‘वतन’ हा शब्द कानाला भारदस्त वाटतो. महाराचे वतन म्हणजे सरकारी टपाल पोहोचवावे, गावची राखण करावी, मेलेली ढोरे ओढावीत आणि त्याच्या मोबदल्यात जमिनीचा तुकडा व दारोदारच्या बलुत्यावर गुजराण करावी. पिढ्यान्‌पिढ्या बांधून घालणाऱ्या या मानाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. ज्याला गावाने अशा रीतीने जखडून ठेवले, त्याच्या नातवाला “तुला कोणी अडविले?” असे त्याच गावाने विचारावे, याला धाष्टर्यच म्हटले पाहिजे.

म्हणून व्यक्तीची जबाबदारी आम्ही नाकारतो असे कोणी समजू नये. दारूवर आणि लग्नातील कर्जबाजारीपणावर आमची जीभ किती कडक चालते, हे आमच्या धर्मग्रामातील माणसे जाणतात. काहींनी त्यापायी आमच्याशी बोलणेही सोडले आहे. बाबासाहेबांनी तर मार्च १९२७ च्या महाड परिषदेत आपल्या लोकांना मृत जनावराचे मांस टाकून द्यावयास व स्वाभिमानाने जगावयास बजावले, आणि त्याच परिषदेनंतर त्यांना घेऊन ते चवदार तळ्याकडे चालत गेले. दोन्ही मागण्या एकाच मुखातून निघाल्या. यांतील पहिली तेवढी उचलून दुसरी खाली टाकणारे उपदेशक आम्हांस पुष्कळ भेटतात.

आम्हांस अधिक काळजी वाटते ती बघ्यांच्या जबाबदारीची. भूम तालुक्याच्या सीमेपलीकडे, जामखेड तालुक्यात, खर्डा हे गाव आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी तेथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारहाण करून ठार केले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये खटल्याचा निकाल लागला. बरेच साक्षीदार फितूर झाले होते. सर्व आरोपी निर्दोष सुटले. त्याच महिन्यात, त्याच अहमदनगरच्या न्यायालयात, कोपर्डीच्या मराठा मुलीवरील अत्याचार व खून प्रकरणी तिघांना फाशीची शिक्षा झाली. तो अत्याचार जुलै २०१६ मधला. आरोपी दलित होते. त्यानंतर निघालेले प्रचंड मूक मोर्चे तेव्हाच्या उस्मानाबादेतही आम्ही पाहिले. मुलीसाठी न्याय मागणे रास्तच होते. परंतु त्याच मोर्चांतून अ‍ॅट्रॉसिटी कायदा सौम्य करण्याचीही मागणी होत होती, आणि दोन वर्षांपूर्वीच्या खर्ड्याच्या मुलासाठी असा जिल्हा लोटला नव्हता. वर्तमानपत्र हाती घेताच आधी “मेलेला कोणाचा?” हे पाहण्याची जी सवय आपणा सर्वांना लागली आहे, तिच्यावरच राजकारण पोसले जाते. या मुलाची आणि मुलीची नावे एका वाक्यात घेणारा पुढारी आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

अमेरिकेत २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस शहरात एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या गृहस्थांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला. रस्त्यावरील एका मुलीने ते सारे मोबाईलवर टिपले. तीही सतराच वर्षांची होती. पुढे तिने न्यायालयात साक्ष दिली. तिच्याबरोबरच्या नऊ वर्षांच्या चुलत बहिणीनेही दिली. एप्रिल २०२१ मध्ये पोलीस दोषी ठरला. अमेरिका न्यायी आहे असे यावरून आम्ही म्हणणार नाही, कारण असे निकाल तेथेही क्वचितच लागतात. आम्हांस त्या दोन मुलींचे मोल वाटते.

मात्र साक्षीदारालाच दोष देऊन मोकळे होणे हेही त्या एस. टी. स्थानकावरील वाक्यासारखेच होईल. आमच्या भागातील जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाची उचल डोक्यावर असते. अशा माणसाने हंगाम सोडून तारखेला जावे आणि परतून त्याच गावात, त्यांच्याच बांधावर राहावे! साक्षीदारांच्या संरक्षणाच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली खरी. पण कागद वस्तीपर्यंत चालत येत नाही. त्याच्याबरोबर तालुक्याला जाणारे कोणीतरी लागते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी मनुष्याला टाळून प्रथम पुढे गेला तो याजक होता, हे आम्हा धर्मगुरूंना विसरून चालणार नाही.

आता थोडे घरातले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. धर्म बदलला म्हणून वस्ती बदलत नाही, पाणवठ्यावरची नजर बदलत नाही. तेव्हा ही मागणी न्याय्य आहे आणि ती आम्ही करीत राहणार. पण ती करताना सरकारने एखादे दिवशी आम्हांलाच विचारले की, “तुमच्यात तरी जात मोडली काय?” तर आम्ही काय दाखवावे? मिस्साला एका बाकावर बसणारी, एकाच वेदीवरून कम्युनियन घेणारी आमची घराणी सोयरीक ठरविताना “मूळचे कोण?” हे अजून विचारतात. आजोबा महार की मांग, याची उत्तरे दोन्हींकडे तोंडपाठ असतात.

सध्या आमच्या धर्मग्रामात असे एक लग्न ठरले आहे. मुलगी परिचारिका आहे, मुलगा लातूरला नोकरीस असतो. दोघांनी कोणालाही न लपवता घरी सांगितले. विवाहाच्या तीन जाहीर सूचनांपैकी दोन वाचून झाल्या. दुसऱ्या रविवारी मुलाचे चुलते सूचना ऐकून मिस्सा चालू असतानाच उठून गेले. चुलती मात्र बसून राहिल्या. तिसरी सूचना येत्या रविवारी वाचावयाची आहे.